चष्मा ठेवला की फोन

आमच्या ताईंइतकं बेसूर गाणारी आणि त्यांच्याइतकं नेमकं ऐकणारी बाई पुण्यात दुसरी झाली नाही आणि व्हायचीही नाही. ताई म्हणजे माझी सख्खी, चुलत, मावस कुणी नव्हे. नाटकात वयानं मोठ्या असलेल्या नटीला सगळेच ताई म्हणतात, तसा मीही म्हणतो. मी नाटकांना म्युझिक देतो. देतो म्हणजे चालीबिली बांधत नाही. विंगेत कोपऱ्यात टेबल टाकून बसतो आणि वेळ आली की बटण दाबतो. दारावरची बेल, पाऊस, फोन, बाळाचं रडणं आणि मोठ्यांचं दुःख एवढं सगळं माझ्या ताब्यात असतं. पंचवीस वर्षं मी ताईंना ओळखतो, आणि त्यातली पहिली सतरा वर्षं त्या रंगमंचावर आणि मी विंगेत, असा आमचा संसार झाला. त्यांच्या गाण्याबद्दल आधीच सांगून टाकतो. एका नाटकात त्यांना नातवाला झोपवायचं होतं. बाळ खरं होतं, कपडेपटवाल्या बाईंच्या भाचीचं, आणि स्वभावानं इतकं गरीब की एंट्रीच्या आधीच झोपलेलं असायचं. ताईंनी अंगाईची पहिली ओळ म्हटली आणि ते टक्क जागं झालं, ताईंच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मग जे रडायला लागलं ते पडदा पडला तरी थांबेना. दुसऱ्या प्रयोगापासून दिग्दर्शकानं कापडी बाहुली दिली. त्यावर ताईंचं म्हणणं, बाहुली बिचारी सोशिक आहे.

अशा बाईला आवडतं संगीत कोणतं असं विचारू नये. विचारलं तर पुढचे दोन तास गेले म्हणून समजा. ताईंना गाणं आवडत नाही. गाण्याच्या आधीचं आवडतं. तबलजी हातोडीनं ठोकून तबला सुरात आणतो ते, तंबोऱ्याच्या तारा एकमेकींशी भांडत भांडत जुळतात ते, सनईवाला वाजवायला बसण्याआधी पत्ती ओली करून एकच सूर काढून बघतो ते. त्यांचं म्हणणं असं की एकदा गाणं सुरू झालं की गवयाला कळतं, लोक ऐकतायत, आणि मग तो शहाण्यासारखा वागायला लागतो. एका मैफलीला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. जागा तिसऱ्या रांगेत, अगदी मधल्या. तंबोरे जुळवायला चांगली वीस-पंचवीस मिनिटं लागली. आजूबाजूचे लोक घड्याळं बघत होते आणि ताई डोळे मिटून डोलत होत्या. बुवांनी ख्यालाची पहिली अक्षरं उच्चारली मात्र, ताई पिशवी घेऊन उठल्या. अख्खी रांग गुडघे आवळून आमच्याकडे बघायला लागली. दारातली स्वयंसेविका म्हणाली, आजी, कार्यक्रम आत्ता सुरू झालाय. ताई म्हणाल्या, हो ना, म्हणूनच निघाले. जुळवलं मात्र फार छान हो. मी त्यांच्यामागून मान खाली घालून बाहेर आलो. तेव्हा मला वाटलं होतं की ताईंमुळे मान खाली घालायची वेळ आपल्यावरच येणार आहे.

त्यांच्याकडे एक वॉकमन आहे, रेकॉर्डही करता येतो असा, आणि चपलेच्या तीन खोक्यांत मावतील एवढ्या कॅसेट. जग कुठल्या कुठं गेलं पण ताईंनी कॅसेट सोडली नाही. प्रत्येकीवर त्यांच्या गोल अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. 'मंडई, सकाळ, मेथी' ही पाणी मारलेल्या मेथीच्या जुड्या झटकण्याची कॅसेट आहे, दोन्ही बाजू भरून. 'इस्त्रीवाला, शनिवार, खुशीत' अशी एक आहे आणि 'इस्त्रीवाला, सोमवार' अशी दुसरी. पण या सगळ्यांत त्यांच्या जिवाची कॅसेट एकच, 'चाचांची सारंगी'. नाना पेठेत एक म्हातारे चाचा वाद्यं दुरुस्त करायचे. सोसायटीच्या भजनी मंडळाची पेटी घेऊन ताई त्यांच्याकडे गेल्या होत्या. चाचांच्या हातात कुणाची तरी सारंगी होती. बसा म्हणाले, शेवटची तार चढवली आणि नीट बोलते की नाही ते बघायला वाजवायला लागले. ताईंनी पिशवीतल्या पिशवीत बटण दाबलं. पुढे त्यांनी जाऊन चाचांकडे कबुलीही दिली आणि त्यांना ते ऐकवलंही. चाचा आता नाहीत. त्या कॅसेटची दुसरी प्रतही नाही, कारण प्रत काढायला दिली आणि दुकानदारानं फीत गुंतवून टाकली तर, या भीतीनं ताईंनी ती कधी हातावेगळी केली नाही. आयुष्यात एकदाच केली, आणि ती माझ्या हातात दिली.

हे सगळं वेड होतं म्हणावं तर त्याचा उपयोग त्या चोख करायच्या. प्रत्येक भूमिकेला त्यांनी एकेक आवाज नेमून दिलेला असे. कजाग सासूची चाल त्यांनी इस्त्रीवाल्यावर बसवली होती, सोमवारच्या. दोन झटके, एक दाब. प्रेक्षकांना काही कळायचं नाही, पण सासू आली की पहिली रांग सावरून बसायची. वाक्यांचं मात्र काही खरं नसे. ताईंना नाटक पाठ असायचं, वाक्यं नसायची. लेखकानं 'मला आता कुणाकडूनच कसली अपेक्षा उरलेली नाही' असं लिहिलं असेल तर ताई एका प्रयोगात 'मला काही नको' म्हणत आणि दुसऱ्यात नुसतंच 'ठेव तिकडे'. लेखक तळमळत असे आणि टाळ्या ताईंना पडत. माझी पंचाईत अशी की वाक्यावर बटण दाबायची सोय नाही. म्हणून मी हालचालींवर दाबायचो, कारण हालचालीत ताई कधी इकडचं तिकडे करायच्या नाहीत. माझ्या जुन्या वहीत अजून तसंच लिहिलेलं आहे. पदर खोचला की बेल. कप पालथा घातला की पाऊस. आणि त्यांच्या शेवटच्या नाटकाच्या पानावर, लाल पेन्सिलीनं, खाली दोन रेघा ओढून: चष्मा ठेवला की फोन.

अलीकडच्या ताई ज्यांना माहीत आहेत त्यांना यातलं काही माहीत नसतं. ते सांगतात ते किस्से निराळे. ताई कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, लिफ्ट आहे आणि ती बहुतेक बंद असते. त्यांच्या दाराला आतल्या बाजूनं एक पाटी आहे. पुण्यातल्या पाट्या दुसऱ्यांचा अपमान करायला असतात, ही स्वतःचा करायला आहे. 'गॅस बंद केला आहे असे वाटत असल्यास पुन्हा पाहावा. वाटण्यावर जाऊ नये.' त्याखाली नळ, किल्ली, चष्मा अशी यादी. एवढं करून त्या खाली येतात, माझ्या स्कूटरवर मागे बसतात, आम्ही लाँड्रीच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथं माझ्या खांद्यावर हात पडतो. 'मागे घे.' मी मागे घेतो. त्या तीन मजले चढून गॅस बघून येतात. पुन्हा निघतो, आणि लाँड्रीच्या कोपऱ्यावर पुन्हा हात. दोनदा. कधीही बघा, दोनदा. लाँड्रीवाला आता आम्हाला दुसऱ्या खेपेलाच नमस्कार करतो. मालिकेतही तेच. खडकवासल्याच्या रस्त्याला एका बंगल्यात शूटिंग चालतं, तिथं ताई तीन वर्षं घरातल्या सगळ्यात मोठ्या आजी आहेत. तीन वर्षांत एक वाक्य बोललेल्या नाहीत. वाक्यं देऊ नका, नुसतं बसवा, अशी त्यांची पहिल्या दिवशीची अट. त्या सोफ्यावर बसून नुसत्या बघतात आणि मालिकेतल्या सुनेची बोलती बंद होते. ती सून मला म्हणाली, आजी खरंच काही बोलत नाहीत का हो, मला घरी गेल्यावरही त्यांची नजर आठवते. हे मी आमच्या नाटकवाल्यांच्या कट्ट्यावर सांगतो, पाटीची नक्कल करतो, खांद्यावरचा हात करून दाखवतो. लोक हसून लोळतात.

आठ वर्षं मी हे करत आलो आणि मला त्याची लाज वाटते. कारण कॅसेट ताईंच्या, इस्त्रीवाला ताईंचा, मैफलीतून उठणं ताईंचं. पण पाटी त्यांची नाही. लाँड्रीचा कोपरा त्यांचा नाही, आणि ते मुकं बसणंही त्यांचं नाही. तो सगळा माझा प्रताप आहे. आठ वर्षांपूर्वी ताई घराला कुलूप घालून मागे न बघता निघणारी बाई होती.

त्या शेवटच्या नाटकात ताई एका आईचं काम करायच्या. भांडून घर सोडून गेलेल्या मुलीचा फोन येईल म्हणून ही आई टेबलाजवळ बसलेली. मध्यंतराच्या आधी नऊ मिनिटं रंगमंचावर ताई एकट्या आणि तो जुना काळा फोन. मला त्या नऊ मिनिटांत काही काम नाही. शेवटी ती चष्मा काढून टेबलावर ठेवते, म्हणजे आता वाट बघणं सोडलं, आणि मग फोन वाजतो. ताईंचं म्हणणं, मी घाई करतो. चष्मा ठेवल्याबरोबर फोन वाजला तर तो नाटकातला फोन वाटतो. चार श्वास जाऊ देत. चार श्वास म्हणजे किती, कुणाचे, माझे की तुमचे, असं मी विचारलं तर त्यांनी पिशवीतून वॉकमन काढला. चाचांची सारंगी ऐक म्हणाल्या, मध्ये काय होतं ते मला येऊन सांग, म्हणजे किती थांबायचं ते तुला शिकवायला नको. मी तो वॉकमन आठवडाभर टेबलाच्या खणात ठेवला. दोन प्रयोग झाले, दोन्हींनंतर चहाला त्यांनी विचारलं, आणि मी दोन्हीदा वेळ झाला नाही म्हणालो. तिसऱ्या प्रयोगाच्या आधी रंगपटात मी पुन्हा ऐकली नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघून सांगितलं की आज मात्र ऐकल्याशिवाय चहाला येऊ नकोस. त्या ओरडल्या नाहीत. पण मला शाळेत गृहपाठ न केल्यासारखं झालं.

आणि म्हणून मी ती नऊ मिनिटं गाठली. ताई टेबलाजवळ जाऊन बसल्या, मी एका कानात वॉकमन लावला, दुसरा कान प्रयोगाला. मी मेल्यानं आयुष्यात हजार गाणी वाजवली, पण तसं काही ऐकलं नव्हतं. सारंगी हळूहळू बोलती होत होती. इअरफोनचं दुसरं बोंडूक दुसऱ्या कानात कधी गेलं ते मला खरोखर सांगता येणार नाही. एका सुरावर चाचा जरा रेंगाळले आणि एकदम थांबले. खोकले. कुणीतरी चहा आणून ठेवला, बशीचा बारीक आवाज. मग काहीच नाही. अर्धं मिनिट, पाऊण मिनिट नुसती शांतता. आणि मग सारंगीचा गज तारेवर पुन्हा पडला तो बरोबर त्याच सुरावर, जिथं सोडला होता तिथंच. मी डोळे मिटून मान डोलावली. विंगेत, चालू प्रयोगात, बटणावरचा हात मांडीवर ठेवून.

डोळे उघडले तेव्हा चष्मा टेबलावर होता. किती वेळ होता ते मला लाइटवाल्यानं पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेव्हा त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ताईंनी चष्मा ठेवला होता, चार श्वास झाले, चाळीस झाले, फोन वाजेना. त्यांनी फोनवरची धूळ पदरानं पुसली. कॅलेंडर सरळ केलं. पुन्हा येऊन बसल्या. आणि शेवटी त्यांनी स्वतःच रिसीव्हर उचलून नंबर फिरवला आणि म्हणाल्या, 'बरं. तू नाही केलास. मीच करते.' लाइटवाला म्हणतो, लेखकानं लिहिलंय त्यापेक्षा ते भारी होतं, पुढच्या रांगेत कुणीतरी रडत होतं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की चष्मा ठेवलेला आहे आणि फोन वाजलेला नाही. मी बटण दाबलं. रिसीव्हर ताईंच्या कानाला आणि फोन खणखणतोय. अख्खं नाट्यगृह फिस्सकन हसलं. ताईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, तोवर कुणीतरी पडदा ओढला. त्यांनी विंगेकडे एकदाही बघितलं नाही.

दिग्दर्शक माझ्याकडे आला तेव्हा मी वॉकमन टेबलाच्या कापडाखाली सारला होता. त्यानं विचारलं, काय झालं. माझ्या तोंडून निघालं, ताईंनी चष्मा ठेवलेला दिसला नाही. वाक्य खोटंही नव्हतं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. दिग्दर्शकानं नुसती मान हलवली. ताईंचं वय तेव्हा सहासष्ट, मागच्या प्रयोगात त्या एकदा चुकीच्या दारानं गेल्या होत्या, त्याच्या मनात काहीतरी होतंच. तो रंगपटात गेला आणि ताईंशी फार हळुवारपणे बोलला, आणि ते जास्त वाईट होतं. मी दारात उभा होतो. ताई म्हणाल्या, चष्मा ठेवला होता रे. मग जरा थांबून म्हणाल्या, ठेवला होता असं वाटतंय. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

'नव्हता का रे ठेवला?'

'दिसला नाही, ताई.'

'मग नसेल ठेवला. तू कशाला खोटं बोलशील?'

प्रयोग संपल्यावर चहाला त्यांनी सवयीनं विचारलं, सारंगी ऐकलीस का. मी नाही म्हणालो. ऐकली म्हटलं असतं तर कधी, हे आलं असतं. वॉकमन त्यांच्या हातात ठेवला आणि ताई, तुमच्याकडेच राहू दे, मला काही जमायचं नाही, असं म्हणून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात ताईंनी नाटक सोडलं. कुणी काढलं नाही, उलट दिग्दर्शकानं एकदा थांबा म्हटलं. पण त्या म्हणाल्या, माझ्यामुळे लोकांचा प्रयोग पडायला नको. त्यांच्या जागी दुसरी नटी आली. पुढच्या सगळ्या प्रयोगांत मी चष्मा ठेवला की चार श्वास मोजून फोन वाजवला, एकदाही चुकलो नाही. फोनचं टायमिंग आता काय सुंदर जमलंय, असं लोक मला येऊन सांगायचे. तेव्हापासून ताईंना कुठं जायचं असेल तर स्कूटर माझी असते. सोसायटीतले लोक म्हणतात, पोटच्या मुलासारखं करतो हो त्यांचं. मी ऐकून घेतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं रविवारी संध्याकाळी पाच वाजता ताईंचा कार्यक्रम ठेवला. आवडतं संगीत आणि पडद्यामागच्या गमती. हॉल भरलेला, माणसं शंभरेक, साउंडला मी. बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष प्रश्न विचारत होते; त्यांनी प्रश्न टाइप करून आणले होते आणि उत्तर झालं की त्यावर खूण करत होते. ताईंनी मेथी ऐकवली, इस्त्रीवाला ऐकवला, अंगाईचा किस्सा सांगितला. लोक खूश. मग अध्यक्षांनी विचारलं, एखादी फजिती सांगता का. ताईंनी फोनची फजिती सांगितली. सांगितली कसली, सगळी करून दाखवली. आपण चष्मा ठेवायलाच कशा विसरलो, बिचारा म्युझिकवाला कसा वाट बघत बसला, आपण भलत्याच वेळी रिसीव्हर उचलला आणि तो घाबरून बेल दाबून बसला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी राहिलं. मीही हसलो. एकटाच न हसता बसलो असतो तर दिसलो असतो. 'त्या दिवशी ठरवलं,' ताई हसत हसतच म्हणाल्या, 'आता आपल्या डोक्याचा भरवसा नाही. घरी बसावं.' पहिल्या रांगेतल्या एक आजी हसायच्या थांबल्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्षांनी खूण केली.

मग ताई म्हणाल्या, शेवटचं एकच ऐकवते आणि तुम्हाला सोडते. त्यांनी पिशवीतून ती कॅसेट काढून माझ्याकडे पाठवली आणि माइकवरून सगळ्यांना सांगितलं की या आमच्या म्युझिकवाल्याला आठ वर्षं सांगतेय ऐक म्हणून, यानं अजून ऐकलेली नाही. आज वाजवावीच लागेल म्हणजे ऐकेल. मी कॅसेट लावली. आठ वर्षांनी तीच सारंगी, आणि माझी मान वर होईना. चाचा त्या सुरावर आले, रेंगाळले, थांबले. खोकले. आणि हॉलमध्ये शांतता पसरली. बशीचा आवाज त्या स्पीकरमधून कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता. दहा सेकंद गेले, वीस गेले, लोक चुळबुळ करायला लागले. अध्यक्ष लगबगीनं माझ्याकडे आले, अहो, आवाज गेला, वायर बघा. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. वर न बघता म्हणालो, 'गेला नाही. चहा पितायत ते. आत्ता येतील.' हॉल एवढा शांत होता की ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. लोक हसले. आणि सारंगी परत आली, त्याच सुरावर. मी वर बघितलं. ताई हसत नव्हत्या. त्या मालिकेतल्या सुनेकडे बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या. सारंगी संपेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला.

कार्यक्रमानंतर चहा शेजारच्या खोलीत होता, कॅरम बोर्ड आणि रचलेल्या खुर्च्यांच्या मधे. अध्यक्ष हार-नारळाच्या मागे गेले आणि आम्ही दोघंच उरलो. ताईंनी कप हातात घेतला आणि म्हणाल्या, 'कॅसेट तुझ्याकडे एकच आठवडा होती. त्या दिवशी मेकअप करताना तू म्हणालास, ऐकली नाही. चहाच्या वेळी परत केलीस.' एवढंच. पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं. मी सगळं सांगितलं. दुसरा कान कसा गेला तेही सांगितलं, कापडाखाली वॉकमन सारला तेही.

'म्हणजे मी चष्मा ठेवला होता.'

'ठेवला होता, ताई. मी बघितलं तेव्हा टेबलावरच होता.'

त्यांनी चहाचा घोट घेतला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असंही वाटत होतं. पण त्यांनी विचारलं, 'आवडली का तुला?' काय, ते मला कळेना. 'सारंगी रे.' मी हो म्हणालो आणि मला रडू फुटलं. बावन्न वर्षांचा माणूस कॅरम बोर्डाला टेकून रडतोय, असं ते दृश्य होतं, आणि ताईंनी मला थांबवलं नाही. रडणं ओसरल्यावर कप ठेवत म्हणाल्या, 'आठ वर्षं मी स्वतःच्या हातानं बंद केलेला गॅस परत जाऊन बघतेय.' त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्या तीन मजले एकट्याच चढून घरी गेल्या.

बारा दिवस फोन नाही. मी केला तर उचलला नाही. दिग्दर्शकाला मी भेटून सगळं सांगून आलो. तो म्हणाला, हे मला सांगून आता काय उपयोग. बरोबर होतं त्याचं. कट्ट्यावरही सांगितलं. तिथं कुणी हसलं नाही. तेराव्या दिवशी ताईंचाच फोन आला. उद्या चारला ये, मंडईत जायचंय, मेथी आली असेल. आवाजात काही नव्हतं, रागही नव्हता, लोभही नव्हता.

मी पावणेचारला जाऊन खाली उभा राहिलो. ताई आल्या, मागे बसल्या, निघालो. लाँड्रीचा कोपरा आला आणि माझी स्कूटर सवयीनं हळू झाली. तेवढ्या तीन-चार सेकंदांत मी मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते मलाच ठाऊक. खांद्यावर हात पडला. 'मागे घे.' मी मुकाट्यानं मागे घेतली. लिफ्ट बंद होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीन मजले, माझ्यामुळे. मी स्टँडवर गाडी लावली आणि म्हणालो, ताई, किल्ली द्या, इथून पुढे मी वर जाऊन बघत जाईन, तुम्ही चढू नका. ताईंनी किल्ली मुठीत धरली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा तो जुना, नाटकातल्या सासूचा आवाज ऐकू आला.

'नको. तू खाली येऊन सांगशील, दिसला नाही.'

मी हसलो नाही, पण ताईंच्या ओठाची कड जराशी हलली, असं मला वाटलं. वाटण्यावर जाऊ नये. त्या वर गेल्या, गॅस बघून खाली आल्या, बंद होता म्हणाल्या आणि मागे बसल्या. लाँड्रीवाला दुसऱ्या खेपेला नमस्कार करतो तसा त्यानं केला. मी कोपऱ्यावर पुन्हा गाडी हळू केली, दुसऱ्या हाताची वाट बघत. तो पडला नाही. मला खात्री वाटेना, म्हणून पुढच्या सिग्नलपर्यंत मी तशीच हळू चालवत राहिलो.